शून्य म्हणजे चार

पहाटे ४:५०

गजर लावलेला असतो, पण त्याच्या आधीच जाग येते. अठ्ठावीस दिवसांपैकी आजचा सत्ताविसावा. उद्या क्रू चेंज. म्हणजे हेलिकॉप्टर आलं तर.

केबिन चौघांची आहे, पण चौघं एका वेळी कधी जागे नसतो. दोघं दिवसपाळीचे, दोघं रात्रपाळीचे. समोरच्या बंकवाल्याची चप्पल मला ओळखू येते, त्याच्या साबणाचा वास ओळखू येतो. तो मुंबईच्या रस्त्यात भेटला तर मात्र बहुधा पुढं निघून जाईन.

खालच्या डेकवर जनरेटरची टर्बाइन चालू असते. तिची थरथर लोखंडातून बंकमध्ये आणि बंकमधून उशीत येते. पहिल्या वर्षी तिनं झोपू दिलं नाही. आता ती थांबली तर दचकून उठतो, कारण टर्बाइन थांबणं म्हणजे काहीतरी बिघडलंय. आबांचं याच्या उलट. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला किल्लारीला जमीन हलली, तेव्हा आमच्याही माळवदाच्या भिंतींना तडे गेले. त्यानंतर आबा कित्येक वर्षं अंगणातच बाज टाकून झोपले. अजूनही रस्त्यानं ट्रक गेला आणि फळीवरचं भांडं वाजलं की उठून बसतात. बाप थरथरलं की जागा होतो, लेक थांबलं की. सुट्टीवर गेलो की पहिल्या दोन रात्री मला शांतता सोसत नाही. बायको मग भर थंडीत बिनपाण्याचा कूलर लावून ठेवते, नुसत्या आवाजासाठी.

५:०५

अंघोळ. पाणी गरम, भरपूर, आणि चवीला थोडं आळणी. समुद्राचं पाणी यंत्रातून गोडं करून इथं नळाला येतं.

या नळाशी माझं एक जुनं भांडण आहे. २०१६ च्या एप्रिलात मी याच पाळीवर होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातूरचे नळ बंद. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लावलेली. आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. टीव्हीवर ती गाडी मी इथल्या मेसमध्ये बसून पाहिली. शेजारी केरळचा एक जण होता. त्यानं विचारलं, तुमच्याकडं पाणी रेल्वेनं येतं? मी म्हटलं, हो. तो हसला नाही, मीही नाही. त्या दिवशी संध्याकाळी शॉवर सुरू केला आणि बंद करून टाकला, बादली नव्हती म्हणून मग्यानं अंघोळ केली. कुणाचा एक थेंब वाचला नाही त्यानं, इथलं पाणी लातूरला जाणार नव्हतं. पण चारी बाजूंनी पाणी, आणि घरी बायको टँकरच्या मागं घागर घेऊन उभी, हे अंगावर ओतून घेता येईना.

५:३०

मेसमध्ये पोहे, इडली, अंडी, ब्रेड. खायला इथं कधीच कमी नाही आणि ते फुकट. वजन वाढतं. जुहूला हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी माणूस आणि बॅग दोन्ही वजनकाट्यावर चढतात, तिथं दर वेळी आपला आकडा कळतो.

मग रात्रपाळीकडून चार्ज घेणं आणि टूलबॉक्स टॉक: आज कोण कुठं काम करणार, वारा किती, लाट किती, कोणतं काम कोणाच्या डोक्यावर चाललंय. रोज तेच. सत्ताविसाव्या दिवशी कान ते ऐकतात आणि मन बॅग भरत असतं. सुपरवायझरला हे ठाऊक आहे. तो आमच्यासारख्या उद्या उतरणाऱ्यांनाच मुद्दाम प्रश्न विचारतो. वर्गात मागच्या बाकावरच्याला विचारतात तसं.

६:००

पाळी सुरू. ती संध्याकाळी सहाला संपेल. बारा तास, अठ्ठावीस दिवस, मधे रविवार नाही.

ही जागा मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, खाली साधारण ७५ मीटर पाणी. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगनं इथं भोक पाडलं आणि तेल लागलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. शाळेच्या भूगोलात ‘बॉम्बे हाय’ एका ओळीत होतं. त्या ओळीत इतकी माणसं राहतात हे आमच्या गुरुजींनाही माहीत नसावं. विहिरींतून वर येतं ते नुसतं तेल नसतं. तेल, गॅस, पाणी, थोडी वाळू, सगळं एकत्र. इथं ते वेगळं होतं आणि तेल समुद्राच्या तळावरच्या पाइपातून उरणला जातं.

मी तेलाला हात लावत नाही. मी इन्स्ट्रुमेंटवाला. कुठं किती दाब आहे, किती उष्णता आहे, टाकीत पातळी कुठं आहे, हे सांगणारी उपकरणं खरं बोलतात का ते पाहणं, एवढंच माझं काम.

७:१५

परमिटच्या रांगेत. हे काम दिसत नाही, पण बारा तासांतला तास-दीड तास यातच जातो. ठिणगीचं काम असेल तर हॉट परमिट, नसेल तर कोल्ड. कोण सही करणार, कोणता व्हॉल्व्ह बंद, त्याला कुलूप कोणाचं. नवीन पोरं चिडतात. यंदा आलेला नांदेडचा एक जण आहे, विष्णुपुरीच्या गुरु गोविंदसिंगजी कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन करून आलेला, डोकं तेज. म्हणाला, “दादा, दहा मिनिटांच्या कामाला दीड तासाचा कागद?” म्हटलं, “संध्याकाळी सहाला सांगतो का ते.”

८:४०

कंट्रोल रूमच्या पडद्यावर दोन दिवसांपासून एका सेपरेटरचा दाब सरळ रेघ दाखवतोय. शेजारच्या सगळ्या रेघा थरथरतात, वर-खाली होतात. ही एकटी शहाण्या मुलासारखी सरळ. ऑपरेटर म्हणतो, रीडिंग तर बरोबर आहे, रेंजमध्ये आहे, अलार्म नाही. बरोबर आहे म्हणूनच मला ते पटत नाही.

हे उपकरण कसं बोलतं ते सांगतो. प्रेशर ट्रान्समीटर दाब मोजतो आणि दोन तारांवरून तो कंट्रोल रूमला विजेच्या भाषेत कळवतो. दाब शून्य असेल तर ४ मिलिअँपिअर, पूर्ण असेल तर २०, निम्मा असेल तर १२. डिप्लोमाला असताना मी सरांना विचारलं होतं, शून्याला शून्यच का नाही? सर म्हणाले, वायर तुटली तर काय येईल? शून्य. मग दाब शून्य आहे की वायर तुटली, कसं ओळखशील? म्हणून शून्य म्हणजे चार. याला लाइव्ह झिरो म्हणतात. चारच्या खाली गेलं की समजायचं, दाबाचं काही झालेलं नाही, सांगणाराच गेलाय.

पण चार आणि वीसच्या मधेही एक खोटं दडून बसतं, ते सरांनी शिकवलं नव्हतं, इथं शिकलो. पाइपातला दाब ट्रान्समीटरपर्यंत करंगळीएवढ्या नळीतून येतो. त्या नळीत मेण, वाळू, क्षार बसतात. नळी बुजली की बुजण्याच्या क्षणीचा दाब आतच अडकतो, आणि ट्रान्समीटर तोच दाब सांगत राहतो. आज, उद्या, परवा. अलार्म नाही, बिघाड नाही, रेंजमध्ये. पलीकडं काहीही झालेलं असू दे.

म्हणून सरळ रेघेचा संशय घ्यायचा.

कंट्रोल रूमला सांगून आधी त्याचं ट्रिप बायपास केलं, नाहीतर उपकरण काढल्याबरोबर प्लॅटफॉर्मच बंद पडेल. बायपासची नोंद रजिस्टरमध्ये. छातीला गॅस डिटेक्टर. आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद, व्हेंट हळूच, पाव फेरा. काहीच नाही. अजून पाव फेरा. मग एकदम फुस्स करून काळा चिकट गोळा बाहेर आला, चिंचेच्या कोळासारखा, हातमोज्यावर. नांदेडचा पोरगा मागं सरकला. नळी धुऊन काढली, हातपंप लावला, मीटर सीरिजमध्ये जोडला. शून्याला ४.०६ दाखवतोय. ट्रिम करून ४.००. मग पाव, निम्मा, पाऊण, पूर्ण: ८, १२, १६, २०. तसंच उतरत खाली. पुन्हा जोडलं आणि पोराला म्हटलं, कंट्रोल रूमला विचार. रेडिओवर उत्तर आलं: “हलायला लागलं.” दोन दिवस दाखवत होतं त्यापेक्षा खरा दाब बराच वर होता. धोक्याच्या रेषेपर्यंत नव्हता, पण वर होता.

या कामात मला मजा येते हे सांगायला हवं. ऑफशोअरच्या माणसानं घराच्या आठवणीत झुरावं अशी लोकांची अपेक्षा असते. झुरतोही. पण मल्टीमीटरवर चार पूर्णांक शून्य शून्य येतं तेव्हा नाही.

११:४०

नोटीस बोर्डावर कागद लागला: खराब हवामानामुळे आजच्या फेऱ्या रद्द, उद्याच्या हवामानावर अवलंबून. मृग लागून आठवडा झाला. आभाळ खाली आलंय आणि समुद्र शिशाच्या रंगाचा. म्हणजे उद्याचा अठ्ठाविसावा एकोणतिसावा होईल, तिसावाही.

माझा रिलिव्हर देवगिरी एक्स्प्रेसनं काल मुंबईत उतरलाय आणि अंधेरीच्या एका लॉजवर पडून आहे. त्याचे ते दिवस बिनपगारी. माझे जास्तीचे दिवस पगारी. ठेकेदाराच्या माणसाला पैसे मिळतात ते समुद्रावरच्या दिवसांचे. घरी असताना नाही. त्यामुळं इथं एक विचित्र चेहरा पाहायला मिळतो: हेलिकॉप्टर आलं नाही की पगार वाढतो आणि तोंड पडतं.

कंपनीच्या कायम माणसांचं चौदा दिवस काम, चौदा दिवस घर. नॉर्वेत तर दोन आठवडे समुद्रावर आणि चार आठवडे घरी, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सांगणारा थापा मारतोय असं वाटलं. आमचं ठेक्यावर ठरतं. माझं अठ्ठावीस-अठ्ठावीस. याहून वाईट असलेले इथंच आहेत, मेसमधली पोरं दोन-दोन महिने उतरत नाहीत. कुरकुर कुणापुढं करायची हा प्रश्नच असतो, कारण ज्याच्यापुढं करायची तोही ठेक्यावर.

मराठवाड्याला हा सौदा नवा नाही म्हणा. ऊसतोडीला जाणारे उचल घेतात आणि सहा महिने गाव सोडतात. पण तिथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उपाशी राहिले तरी एका पालात राहतात. आमच्या सौद्यात पोटभर जेवण आहे, एसी केबिन आहे, आणि जोडी फोडलेली आहे. कोणता बरा, असं मला विचारू नका. पाचट बोचलेले हात मी पाहिलेत. हा बराच आहे.

१२:१०

जेवण. भात, डाळ, दोन भाज्या, चपाती, दही, आज मासे. ज्वारीची भाकरी नाही. कढईत तळणं सोपं, दीडशे माणसांना भाकऱ्या थापणार कोण? माझ्याकडं लातूरहून आणलेली शेंगदाण्याची चटणी असते. सत्ताविसाव्या दिवशी डब्याच्या तळाशी नुसतं लाल तेल उरतं. त्यात चपाती फिरवून डबा पुसून घेतला.

१२:३५

फोन. वायफायवर, जिन्याखालच्या एका कोपऱ्यात रेंज नीट येते. तिथं रांग लागते आणि रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याचं बोलणं न ऐकल्यासारखं करतो.

बायको लातूरला आहे, गावात नाही. पोरगी बारावीला, नीटची तयारी. तिच्यासाठी एक खोली करून मायलेकी तिथं राहतात. लातूरमध्ये अशा कितीतरी आया आहेत: घर एका तालुक्यात, नवरा भलतीकडं, आणि आपण दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्ह मांडून मुलाच्या अभ्यासाला बसलेल्या. आमचा हिशेब बायकोनं सोपा केलाय. ती क्लासची फी रुपयांत सांगत नाही, दिवसांत सांगते. “तुमचे बावन्न दिवस गेले बघा क्लासला.” खोलीचं भाडं महिन्याचे इतके दिवस. सायकल इतके. एकदा मी म्हटलं, असं नको सांगत जाऊ. म्हणाली, मग कसं सांगू? रुपये बँकेतून जातात, दिवस तर तुमचेच जातात ना.

“जेवलात का?”

“हाव. पाऊस?”

“नाही ना अजून. आभाळ यायलंय अन् जायलंय.”

“आबा?”

“बरे हैत.”

“पेरणीचं काय म्हणायलाय भाऊ?”

“पावसाचं बघून करू म्हणले. तुम्ही या आधी.”

परवाही हेच. कालही हेच. आभाळ यायलंय अन् जायलंय. मागं कुकरची शिट्टी झाली आणि ती म्हणाली ठेवते. मी कोपरा पुढच्याला दिला.

३:००

हा तास वाईट. जेवण अंगावर आलेलं, दमट उकाडा, फ्लेअरची धग, कव्हरऑल पाठीला चिकटलेलं. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला माणसाचं डोकं सारखंच मंद होतं. अठ्ठावीस दिवसांच्या शेवटच्या आठवड्यात तर जास्तच. पहिल्या आठवड्यात माणूस भीतीनं सावध असतो, मधल्या दोनांत सवयीनं काम होतं, शेवटच्यात तो निम्मा जुहूला पोचलेला असतो.

आज ते माझ्यावरच शेकणार होतं. दुसऱ्या एका ट्रान्समीटरचा टॅग कागदावर ११०४, आणि मी ११४० समोर स्पॅनर लावून उभा. दोन्ही एकाच रॅकवर, हातभर अंतरावर, एकाच राखाडी रंगाचे. ११४० चं ट्रिप बायपास केलेलं नव्हतं. नट अर्ध्या फेऱ्यावर असताना पोरानं खांद्याला हात लावला. “दादा, नंबर.” मी स्पॅनर काढला. आम्ही दोघांनी थोडा वेळ समुद्राकडं पाहिलं. मग मी जाऊन सुपरवायझरला सांगितलं आणि निअर मिसचा फॉर्म भरला. फॉर्ममध्ये ‘कारण’ असा रकाना आहे. मी ‘लक्ष विचलित’ लिहिलं. ‘सत्ताविसावा दिवस’ असं लिहायला तिथं जागा नव्हती, आणि लिहिलं असतं तर पुढच्या वेळी ठेकेदारानं यादीत नाव घातलं असतं का, कोण जाणे.

हे घरी सांगणार नाही. तसं घरी काहीच सांगत नाही मी. २८ जून २०२२ ला नऊ जणांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर ‘सागर किरण’ रिगजवळ पाण्यात उतरलं आणि चार जण गेले, तेव्हा मी आईला फोनवर म्हणालो, माय, ते तिकडं लांब झालंय, आमची बाजू वेगळी. आमची बाजू काय वेगळी? तेच आभाळ, तेच जुहू. त्याच्या आदल्या वर्षी, १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळात पी-३०५ हे बार्ज बुडालं. त्यावर २६१ माणसं होती. ‘वरप्रदा’ टगवरची धरून एकूण ८६ गेली. बहुतेक आमच्यासारखीच ठेक्यावरची, वेल्डर, फिटर, रिगर. मी तेव्हा ऑफवर, गावी. आबा चार दिवस टीव्हीसमोरून उठले नाहीत. पाचव्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, “इथंच काही बघता आलं तर बघ.” मी बघितलं. लातूरच्या एमआयडीसीत दोन ठिकाणी विचारलं. त्यांनी सांगितलेला महिन्याचा पगार ऐकला आणि बायकोच्या पद्धतीनं मनात दिवस मोजले. जूनमध्ये परत इथं आलो.

४:३०

सप्लाय बोट जवळ यायचा प्रयत्न करून परत गेली. लाट मोठी. पावसाळ्यात बोटीला प्लॅटफॉर्मला चिकटू द्यायची इथल्या जुन्या माणसांना धास्ती असते, आणि तिला कारण आहे. २७ जुलै २००५: आदल्या दिवशी मुंबई पावसात बुडालेली. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली. हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं, म्हणून त्याला क्रेनच्या बास्केटमधून प्लॅटफॉर्मवर घेतलं. त्यात जहाज तेल-गॅसच्या उभ्या पाइपांवर आदळलं. आग लागली आणि दोन तासांत अख्खा बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली, साडेतीनशेहून अधिक वाचली. सुरुवात कुठून, तर स्वयंपाकघरातल्या सुरीपासून. आमच्या मेसमधला आचारी कांदा चिरताना जाळीचा हातमोजा घालतो. त्याला कुणी हसत नाही.

६:००

चार्ज देणं. रात्रपाळीवाला डोळे चोळत आलाय. मी रजिस्टर उघडून एकेक ओळ वाचून दाखवतो: हे उपकरण धुतलं, हे बायपास काढलं, हे अजून बायपासवर आहे, याला हात लावू नको. तोंडानं सांगायचं, कागदावर दाखवायचं आणि त्याच्याकडून परत म्हणून घ्यायचं.

नांदेडच्या पोराला सकाळचं उत्तर इथं दिलं. ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा प्लॅटफॉर्म होता. ६ जुलै १९८८. दोन पंपांपैकी एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, त्या जागी नुसतं झाकण बसवलेलं. पाळी बदलली, पण ती गोष्ट नव्या पाळीपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला. त्यांनी हा सुरू केला. १६७ माणसं. पोरगा गप्प झाला. म्हणाला, “म्हणजे कागद होता.”

“कागद होता. सांगितलं नव्हतं.”

७:३०

जेवण, कॅरम, कुणाच्या तरी लॅपटॉपवर सिनेमा. दारू नाही, आणि ते बरंच आहे.

८:१५

पोरीचा फोन. क्लास सुटून खोलीवर आली. ती सकाळी सहाला निघते: कॉलेज, क्लास, टेस्ट, अभ्यासिका. तिची पाळी माझ्यापेक्षा दोन तासांनी मोठी आहे आणि तिला पगार नाही. तिच्याशीही चाचणीच्या आदल्या रात्री मी खोटं बोलतो, मार्क काही का पडेनात म्हणतो. तिला ते कळतं.

“पप्पा, आज फिजिक्सचं चांगलं गेलं.”

“शाबास. जेवलीस?”

“जेवायलीच आहे. अन् काकाच्या ट्रॅक्टरवर तो शेजारचा गण्या बसलाय, बघितलात का? हसून हसून मेले मी.”

“कुठं?”

“स्टेटसला. पेरणीचं ठेवलंय की काकानं, परवाच.” मग थांबली. “तुम्हाला दिसलं नाही का?”

नाही दिसलं. स्टेटस एखाद्यापुरतं झाकून ठेवता येतं, हे भावाला मीच शिकवलं होतं.

पेरणी झालेली आहे. पाऊस पडून गेलाय. आणि तीन दिवस मला आभाळ यायलंय अन् जायलंय. राग यायला हवा होता, आला नाही, कारण मला गेलं वर्ष आठवलं. गेल्या वर्षी मी इथूनच मोबाइलवर हवामान बघून रोज फोन करत होतो: पेरा, आता पेरा, पाऊस येतोय. भाऊ म्हणत होता ओल पुरेशी नाही, सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर तरी होऊ दे. मी ऐकलं नाही. पैसे माझे, म्हणून शब्द माझा. पेरलं, पावसानं ओढ दिली, आणि दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याच्या चार पिशव्या मातीत गेल्या. बायकोनं तेव्हा त्याचे दिवस मोजून सांगितले नव्हते, एवढं मात्र लक्षात आहे.

तेव्हापासून त्यांनी नळी बुजवून टाकली असणार. आबांनीच सांगितलं असेल, त्याला कळवू नका, तिथं कामात लक्ष राहत नाही त्याचं. आणि ते खोटंही नाही. ११४० नंबरचा नट मला विचारा.

९:१०

कोपरा रिकामा होता. भावाला फोन लावला. दोन वेळा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला.

“काय रे, एवढ्या रातच्याला? बरा हैस ना?”

“बरा आहे. काय पेरलंस?”

तिकडं थोडा वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर. मग म्हणाला, “सोयाबीन. एकाहत्तर, परभणीचं. इकत नाही आणलं, घरचंच ठेवलं होतं.”

“उगवण बघितली होती?”

“आबांनी बघितली. ओल्या पोत्यात शंभर दाणे घालून ठेवले होते.”

“किती निघाले?”

“ब्याऐंशी.”